चौदा नंबरच्या पलंगावरचा माणूस

बिन्सीच्या वडिलांकडे साडेआठशे बदकं होती. केरळातल्या कुट्टनाडच्या कापणी झालेल्या भातखाचरांतून ती बदकं हाकत ते गावोगाव फिरायचे. कळपातलं एखादं बदक आजारी असलं की ते मान टाकायच्या दोन दिवस आधीच त्यांच्या लक्षात यायचं. कसं कळतं म्हणून विचारलं, तर म्हणायचे, "बदक बोलत नाही म्हणून कळतं. माणूस बोलतो, आणि तिथंच सगळा घोळ होतो."

नर्सिंगच्या शाळेत आठ महिने काढल्यावर बिन्सीला वडिलांचं म्हणणं पटायला लागलं होतं.

शाळा टेकडीवरच्या मिशन हॉस्पिटलची. तिथं पेशंट तपासायचा कसा, हे सिस्टर हिलारिया शिकवायच्या. ही बाई ठेंगणी, चष्म्याची भिंगं जाड, आणि आवाज असा की कपाटातल्या बाटल्यांनीसुद्धा लेबलं पुढे करून सरळ उभं राहावं. त्यांचा पहिला धडा ठरलेला. "आधी डोळे, मग नाक, मग कान, मग हात. जीभ सगळ्यात शेवटी, तीही विचारण्यापुरती, शहाणपण शिकवायला नाही." आणि दुसरा धडा त्याहून पक्का. "पेशंटला त्याचं नाव आपण सांगायचं नाही. 'तुम्ही अमुकच ना?' म्हटलं की अर्धी दुनिया 'हो' म्हणते. नाव त्याच्या तोंडून वदवायचं, मग कार्डाशी ताडून बघायचं."

हे बिन्सीनं वहीत लिहून घेतलं होतं, खाली लाल रेघही मारली होती.

त्या सोमवारी प्रत्येक मुलीला एकेक पेशंट मिळाला आणि आठ पानी फॉर्म मिळाला. डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं, सगळं लिहायचं आणि अकरा वाजता सिस्टर फेरीला आल्या की पलंगाशी उभं राहून वाचून दाखवायचं. बिन्सीच्या वाट्याला पुरुषांच्या सर्जरी वॉर्डातला चौदा नंबर आला. कार्डावर लिहिलं होतं: ईप्पच्चन, वय अठ्ठावन्न, रबराचा मळा, हर्निया, ऑपरेशन बुधवारी.

आता, त्या वॉर्डात प्रत्येक पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहायचंच. पाणी भरायला, कांजी आणायला, डॉक्टर काय म्हणाले ते उलटसुलट करून गावाला सांगायला. ईप्पच्चनबरोबर त्याच्या बहिणीचा नवरा पैली राहिला होता. पैली गावातल्या चर्चचा कपियार. म्हणजे घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं, झाडलोट करणं, पाद्रीबाबांचा डोळा चुकवून वेदीच्या पायऱ्यांवर दोन मिनिटं बसणं. तीन रात्री तो पलंगाखाली चटईवर झोपला होता. सकाळी ईप्पच्चन कॅन्टीनमध्ये गरम पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी, खायला निघाला आणि जाताना मोठ्या मनानं म्हणाला, "पैली, मी येईपर्यंत जरा पाठ टेक." पैलीनं पाठ टेकली, चादर ओढली, आणि त्याच क्षणी त्याचा डोळा लागला.

साडेनवाला बिन्सी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये थर्मामीटर, घड्याळ, टॉर्च, कापूस, टाचणी, बीपीचं यंत्र. अकराची फेरी डोक्यात घोळत होती. तिनं चादरीतल्या माणसाला हलवलं आणि तोंडातून निसटलंच, "ईप्पच्चन ना?"

पैलीचा डावा कान तीस वर्षं घंटेखाली उभं राहून कामातून गेला होता. त्याला ऐकू आलं "अप्पच्चा". हॉस्पिटलातल्या पोरी उतारवयाच्या सगळ्याच पुरुषांना अप्पच्चा म्हणतात, म्हणजे आजोबा. तो म्हणाला, "हं."

बिन्सीनं फॉर्मवर नाव लिहिलं आणि समोरच्या खुणेच्या चौकटीत ऐटीत बरोबरची खूण केली.

"अप्पच्चा, तुमची सगळी तपासणी करायची आहे. थोडे प्रश्न विचारीन. चालेल ना?"

पैली उठून बसला. पेशंटबरोबर आलेल्या माणसाचीही तपासणी करतात हे त्याला नवीन होतं, पण नन लोकांचं हॉस्पिटल, काही सांगता येत नाही. शिवाय आपल्याला कुणी तरी थोडे प्रश्न विचारणार, याचंच त्याला बरं वाटलं. "विचार की मोळे," तो म्हणाला. मोळे म्हणजे लेकी.

"इथं कशामुळे आलात?"

"मेहुण्यामुळे."

बिन्सीनं लिहिलं: मेहुण्याने आणले.

"त्रास कधीपासून आहे?"

पैलीनं बोटं मोजली. "लग्न झाल्यापासूनच म्हण. येत्या ईस्टरला एकतीस वर्षं."

"तसा नाही हो, शरीराचा. झोप लागते का?"

"शरीराला काय, झोप नाही. तीन रात्री चटईवर काढल्या."

"चटईवर? पलंग असताना?"

"पलंगावर मेहुणा असतो ना."

बिन्सीचा पेन थांबला. तिनं त्या माणसाकडे नीट पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले, कमरेचा लुंगीसारखा मुंडू दोनदा गुंडाळून दोरीनं बांधलेला. आजारी माणसाला खाली झोपवून मेहुणा वर पसरतो! तिनं लिहिलं: मेहुणा पेशंटला पलंगावर झोपू देत नाही. खाली दोन रेघा मारल्या.

"त्यांना काही बोलत का नाही तुम्ही?"

"बोललो तर बायको ऐकून घेईल का? तिचाच भाऊ." पैली हसला. "माणूस वाईट नाही तो. पळंपोरी आणतो कधी कधी. एखादी."

शेजारच्या तेरा नंबरवर पाय मोडलेला एक बस कंडक्टर होता. त्यानं वर्तमानपत्र खाली केलं. त्याला सगळं दिसत होतं. पण चार आठवडे छताकडे बघून काढलेल्या माणसाला असा तमाशा फुकट मिळत असेल तर तो कशाला मोडेल? त्यानं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं आणि कान उघडे ठेवले.

बिन्सीनं मनगट धरलं. नाडी मोजून झाल्यावर हात न सोडता श्वास मोजायचे, पेशंटला कळू द्यायचं नाही, कारण कळलं की माणूस श्वास नीट घेत नाही. पण तिची नजर छातीवर गेली आणि पैलीला वाटलं, आता एक्स-रे. त्यानं पूर्ण श्वास भरून रोखून धरला. बिन्सीच्या घड्याळात अर्धं मिनिट झालं तरी एकही श्वास नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, पैलीचा जांभळा.

"अप्पच्चा! सोडा, श्वास सोडा!"

"काढला का फोटो?" पैलीनं धापा टाकत विचारलं.

दुसऱ्या खेपेला तिनं युक्ती केली. घंटेबद्दल विचारलं. कारण "काम काय करता?" या प्रश्नावर तो म्हणाला होता, "घंटा वाजवतो." कार्डावर रबराचा मळा आहे हे तिला आठवलं, पण वाटलं, मळ्यात मजुरांना बोलवायला घंटा वाजवत असतील. मालक असून स्वतः वाजवतात, केवढा साधा माणूस! घंटेचा विषय निघाल्यावर पैली रंगात आला आणि तिला श्वास मोजता आले. मिनिटाला अठरा.

मग खाणंपिणं. भूक चांगली. कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा उकडलेला कंद, आणि मासळीची आमटी असली तर दोन माणसांचं एकटा खातो.

"आणि तरी मुंडू सैल होतोय?"

"बघ ना! माझी बायको एलिश्वा म्हणते, तुझं खाल्लेलं जातं कुठे."

"पाणी?"

"माठ कोरडा करतो. रात्री पाच-सहा वेळा उठावं लागतं. परसात केळीच्या बुंध्याशी जातो. तिथं मुंग्या एवढ्या झाल्यात, की एलिश्वा म्हणते, आता त्यांचंही रेशनकार्ड काढ."

मुंग्यांचं कशाला लिहायचं ते बिन्सीला सांगता आलं नसतं, पण सिस्टरांनी बजावलं होतं की पेशंट बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. तिनं लिहिलं: केळीखाली मुंग्या.

असं करत ती सहाव्या पानावर आली आणि अडली. पेशंट हर्नियाचा, म्हणजे जांघेतल्या सुजेबद्दल विचारायलाच हवं. बिन्सी एकोणीस वर्षांची. वॉर्डात चोवीस पुरुष, त्यांतले तेवीस झोपल्याचं सोंग घेऊन ऐकतायत. तिनं आवाज खाली आणला, नजर फॉर्मवर ठेवली आणि म्हणाली, "अप्पच्चा... खाली... सूज आहे का?"

"आहे थोडी."

"दुखते?"

"अजिबात नाही."

"मला... म्हणजे डॉक्टर बघतीलच... पण तरी..."

"तू बघ ना, त्यात काय!" म्हणून पैलीनं चादर बाजूला केली. तेरा नंबरचं वर्तमानपत्र खाली आलं. बिन्सीनं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा समोर उजवा पाय होता. घोटा सुजलेला.

तिनं इतका मोठा सुस्कारा सोडला की कंडक्टरला हसू आवरेना. पण पाय हातात घेतला आणि तिचं हायसं वाटणं पळालं. बदकाचं काही बिनसलं की वडील आधी त्याचा पंजा उलटा करून बघायचे. तिनं तळवा उलटा केला. तपासायच्या आधीच नाकाला वास आला. अंगठ्याच्या मागे काळपट, ओलसर जागा होती आणि तिच्या मधोमध पितळेचं चकचकीत गोल काहीतरी होतं. नोटीस-बोर्डला कागद लावतात ती टाचणी. डोक्यापर्यंत आत गेलेली.

"अप्पच्चा, हे कधी लागलं?"

"काय?"

"पायात टाचणी आहे."

"कुणाच्या?"

पैलीनं मान वाकडी करून पाहिलं. मग अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखा म्हणाला, "अरे! ही तर चर्चच्या फळ्यावरच्या लग्नाच्या नोटिशीची! मथाईच्या मुलीच्या. ती नोटीस मी दोन रविवारांपूर्वी काढली. चारांतली एक टाचणी सापडेना, पाद्रीबाबा मला बोलले."

दोन रविवार! बिन्सीनं स्वतःला सावरलं. ती टाचणी काढायची नाही हे तिला माहीत होतं. पण पायाला जाण किती आहे ते बघायचं कसं, हेही शिकवलेलं होतं. "डोळे मिटा. मी कापूस लावीन, मग टोक लावीन. लागलं की 'आलं' म्हणा."

पैलीनं डोळे मिटले. तिनं कापूस फिरवला. तळवा, टाच, बोटं. मग ट्रेमधल्या टाचणीचं टोक टेकवलं, बोटाबोटाला. एक पाय झाला, दुसरा झाला.

"मोळे," पैली डोळे मिटूनच म्हणाला, "सुरू कर ना आता. किती वेळ बसू असा?"

बिन्सीनं टाचणी परत ट्रेमध्ये ठेवली. तेरा नंबरच्या कंडक्टरनं वर्तमानपत्राची घडी घातली.

तिनं जखमेवर स्वच्छ गॉझ ठेवला, सैल पट्टी बांधली आणि म्हणाली, "पाय जमिनीला टेकवायचा नाही. मी सिस्टरना घेऊन येते." बाटलीत लघवीचा नमुना घेतला आणि धुण्याच्या खोलीकडे धावली. परीक्षानळीत निळं द्रावण, त्यात आठ थेंब, दिव्यावर धरलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि शेवटी नळीत चक्क विटेचा रंग उतरला. साखर, आणि तीही भरपूर. वर्गात त्यांनी हा रंग तक्त्यावरच पाहिला होता.

सिस्टर हिलारिया ऑफिसात नव्हत्या. फेरी वेळेआधी सुरू झाली होती. बिन्सी परत आली तेव्हा सिस्टर आणि सात मुली चौदा नंबरशीच उभ्या होत्या, आणि पलंगावर गळ्यापर्यंत चादर ओढून एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"वाच," सिस्टर म्हणाल्या.

बिन्सीनं फॉर्म धरला आणि एका दमात सुरुवात केली. "पेशंट ईप्पच्चन. मेहुण्याने आणले. मेहुण्याचा त्रास एकतीस वर्षे. मेहुणा पेशंटला पलंगावर झोपू देत नाही. पेशंट मळ्यात घंटा वाजवतो. डाव्या कानाने कमी ऐकू येते. वजन उतरलेले. केळीखाली मुंग्या. उजव्या तळव्यात नोटीस-बोर्डची टाचणी, दोन आठवड्यांपासून, पेशंटला ठाऊक नाही. लघवीत साखर, विटेचा रंग."

चादर ताडकन बाजूला झाली. पलंगावर टुणटुणीत, गुबगुबीत, मिशीला केळ्याच्या भज्याचं तेल लागलेला माणूस उठून बसला.

"कुणाच्या तळव्यात टाचणी?" खऱ्या ईप्पच्चननं गर्जना केली. "आणि मी कुणाला त्रास देतो? कोण म्हणतं?"

सिस्टर हिलारियांनी शांतपणे कार्ड वाचलं. मग कालची नोंद. "काल लघवी स्वच्छ होती. वजन ब्याऐंशी किलो. एका रात्रीत हा माणूस वाळला, बहिरा झाला, साखर खाल्ली, टाचणीवर चढला, आणि आता अर्ध्या तासात पुन्हा गुटगुटीत झाला. हिलारिया, तू चमत्कार पाहिलास." स्वतःलाच असं सांगून त्यांनी चष्मा काढला. "बिन्सी. नाव कसं विचारलंस?"

बिन्सीनं सांगितलं. सात मुलींनी ओठ दाबून धरले. कंडक्टरनं मात्र दाबले नाहीत, तो मोडक्या पायासकट हसला.

बिन्सीला वाटलं, आता टेकडी उतरून घरी जावं आणि बदकं हाकावीत. पण सिस्टर हसत नव्हत्या. त्यांनी फॉर्म तिच्या हातातून घेतला होता आणि त्या तो तिसऱ्यांदा वाचत होत्या. पाणी, भूक, सैल मुंडू, मुंग्या, बधिर तळवे.

"पेशंट चुकला," त्या म्हणाल्या. "पण हा पाय कुणाचा आहे? माणूस कुठे आहे?"

"पैली?" ईप्पच्चन म्हणाला. "तो गेला. अकरा-दहाची बस. बाराची घंटा वाजवून दोनच्या बसनं येतो. रोजच जातो. तीन दिवस."

"त्या पायानं?"

बिन्सीनं ट्रे खाली ठेवला आणि ती धावली. सिस्टरांनी हाक मारली की नाही, तिला ऐकू आलं नाही. टेकडीच्या एकशे सात पायऱ्या, टोपी एका हातात, ॲप्रन वाऱ्यावर. खाली बस निघालीच होती. तिनं पत्र्यावर थापा मारल्या. ड्रायव्हरनं नर्सचे कपडे पाहून करकचून ब्रेक मारला. त्याला वाटलं, कुणाला तरी रक्त हवंय.

पैली तिसऱ्या सीटवर बसला होता. उजवा पाय समोरच्या सीटच्या दांड्यावर ठेवलेला, जमिनीपासून चांगला दोन वीत वर. "तू सांगितलंस ना, टेकवायचा नाही," तो अभिमानानं म्हणाला. "पायऱ्या एका पायावर उतरलो. लंगडी. लहानपणी पैज लावायचो."

"अप्पच्चा, तुमचं नाव काय?"

"पैली."

"संपूर्ण सांगा. वडिलांचं, गावाचं, सगळं."

त्यानं सगळं सांगितलं. मग बिन्सी त्याच्या शेजारच्या सीटवर बसली आणि तिला रडूच फुटलं. बसमधल्या बायकांना वाटलं, बाप-लेकीचं भांडण आहे. एकीनं पैलीला दटावलं, "का रडवता पोरीला? करू द्या तिला तिच्या मनासारखं लग्न!"

"मी कुठे नाही म्हणतोय?" पैली गोंधळून म्हणाला. "पण मोळे, मला बाराची घंटा आहे."

"तुमच्या रक्तात साखर आहे. पायाला कळत नाही त्यामुळं. आज तुम्ही आला नाहीत तर पाय जाईल."

पैलीनं खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाला, "पाय गेला तर घंटा वाजवता येईल. दोरी हातानं ओढतात." पण बोलता बोलता त्यानं सीटचा दांडा धरला, आणि तो उठला. ड्रायव्हर आणि त्या बसचा कंडक्टर यांनी दोन्हीकडून धरून त्याला उतरवलं. बस वीस मिनिटं उशिरा सुटली आणि बाराची प्रार्थना त्या दिवशी त्या गावात घंटेशिवायच झाली.

पैली पंधरा नंबरवर दाखल झाला. टाचणी निघाली, अंगठ्याशेजारचं एक बोट गेलं, पाय राहिला. बुधवारी ईप्पच्चनचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी त्याला सोडलं. पण घरी जाणार कुठे? पैलीजवळ राहायला माणूस हवा होता आणि एलिश्वानं भावाला स्पष्ट निरोप धाडला होता, "तो तुझ्यासाठी आला होता, आता तू थांब." ईप्पच्चन रात्री चटई पसरताना एवढं विव्हळायचा, की नर्सला कळेना आजारी कोण.

"अळिया, कण्हू नकोस," पैली वरून म्हणायचा. अळिया म्हणजे मेहुणा. "या चटईची एक बाजू बरी आहे. डावीकडे सरक."

बिन्सीला शिक्षा झाली. ईप्पच्चनचा आठ पानी फॉर्म नव्यानं भरायचा. तो प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणाला. झोप? नाही. भूक? नाही. त्रास? "नाही, आणि मेहुण्याला विचारू नकोस." सिस्टर हिलारियांनी फॉर्म तपासला आणि वर लिहिलं, "अचूक, पण निरस." पहिला फॉर्म मात्र त्यांनी फेकला नाही. नाव खोडून, बरोबर नाव घालून, पंधरा नंबरच्या फाईलमध्ये लावून टाकला. मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला आणि विचारलं, "या मुंग्यांचं कुणी लिहिलं?" सिस्टर म्हणाल्या, "आमच्या एका मुलीनं. नाव सोडून बाकी सगळं विचारते ती."

गावात घंटा एलिश्वा वाजवू लागली. निरोप येत होते की तीस वर्षांत पहिल्यांदा बाराची घंटा बारालाच वाजते. पैलीला हे ऐकून वाईट वाटेल म्हणून त्याला कुणी सांगत नव्हतं. ईप्पच्चननं मात्र लगेच सांगितलं.

रोज सकाळी बिन्सी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन यायची. नाव विचारायची. पैली न चिडता संपूर्ण सांगायचा, वडिलांसकट. पट्टी सुटायची, जखम धुऊन व्हायची, दोन्ही तळव्यांवर कापूस फिरायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा पट्टी बांधून ती उठायला लागली, तर पैली म्हणाला, "झालं? आज काही विचारणार नाहीस?"

"काय विचारू? सगळं लिहून झालंय, अप्पच्चा."

"तरी पण," तो म्हणाला. "एकतीस वर्षांच्या संसारात आणि त्याआधीही, झोप लागते का असं कुणी विचारलं नव्हतं मला. तू त्या दिवशी विचारलंस, तर माझंच मला कळलं, की लागत नव्हती."

खाली चटईवर ईप्पच्चन घोरत होता. बिन्सीनं घड्याळ पाहिलं. अजून तीन पेशंट बाकी होते. तिनं ट्रे बाजूच्या कपाटावर ठेवला, स्टूल ओढून बसली आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"बोला," ती म्हणाली. "काल रात्री झोप कशी लागली?"